होळीच्या सणाचा डबा

मित्रांनो, मी रोह्यातला एक जुना तेलाचा डबा आहे. पत्र्याचा, झाकणाचा. माझी एकही बाजू सपाट उरलेली नाही. त्याचे मला आता काही वाटत नाही, पण ती कशी गेली ते सांगतो.

माझ्या मालकीणबाई म्हणजे सिपोराबाई. त्यांच्या सासऱ्यांचा तेलाचा घाणा होता. ही माणसे बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवारतेली म्हणे. पुढे घाणा मोडला, मी रिकामा झालो आणि मला दुसरे काम लागले. वर्षातून एकदा मार खायचे.

त्यांचा पुरीम नावाचा सण होळीच्या सुमारास येतो. म्हणून घरात त्याला होळीचा सणच म्हणत. त्या दिवशी एस्तेर राणीची गोष्ट वाचतात. हामान नावाच्या दिवाणाने सगळ्या यहुद्यांना मारायचा घाट घातला आणि राणीने तो उधळला, अशी ती गोष्ट. वाचताना हामानचे नाव आले की एकच गोंगाट करायचा, ते नाव कोणाला ऐकू येता कामा नये. पोरे पाय आपटत आणि मला लाटण्याने बडवत. हामान मेला कधीचा, त्याच्या वाट्याचा सगळा मार मीच खाल्ला. पहिली काही वर्षे लागायचे. मग लागेनासे झाले.

एकेक घर इस्रायलला गेले. गोष्ट वाचणारे शालोमकाकाही गेले. आळीत सिपोराबाई एकट्या उरल्या आणि मी फळीवर पालथा पडून राहिलो. आम्ही दोघे एका घरात असूनही वर्षभर एकमेकांकडे बघत नसू.

१९९४ साली त्यांच्या मुलाने तिकडून त्यांनाही बोलावले. मे महिन्यात निघायचे ठरले. त्यांनी कसलीच हौस सांगितली नाही. एवढेच म्हणाल्या की जाण्याआधी होळीचा सण या घरात एकदा करीन, डबा वाजवून. पेणला राहणाऱ्या भाच्याला, रूबेनला, त्यांनी निरोप धाडला की सणाला ये.

सणाची तिथी दर वर्षी शालोमकाका सांगायचे. आता सांगणारे कोणी नव्हते. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात होळी पाहिली. शनिवारी होती. शनिवारी त्या चूल पेटवत नसत, म्हणून शुक्रवारीच पुरणपोळ्या केल्या, नारळाचे दूध काढले, मला राखेने घासून उन्हात ठेवले. लाटणे माझ्याशेजारीच ठेवले होते.

दुपारी रूबेन आला. हातात बिनखमिराच्या भाकरीचे पुडके. दारातच थांबला. पोळ्यांचा वास त्याला आला होता.

"आत्या, उद्या रात्री पेसाह हाय," तो म्हणाला. "पुरीम महिन्यामागं झाला. आम्ही पेणला वाचला. मला वाटलं, तुला कोणीतरी सांगितलं असंल."

आदल्या पावसाळ्यात हिंदूंचा अधिक महिना येऊन गेला होता, यहुद्यांच्या पंचांगातला अजून यायचा होता. म्हणून होळी पुढे सरकली आणि पुरीम महिनाभर आधीच होऊन गेला. आणि पेसाह म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण, त्याला तर बिनखमिराच्या त्या भाकरीखेरीज घरात गव्हाची पोळीच काय, पिठाचा कणही चालत नाही.

बाई रडल्या नाहीत. पदराला हात पुसले आणि सगळ्या पोळ्या माझ्यात भरल्या. मग शेजारच्या सीताबाईला हाक मारली. ती आणि तिचा नवरा जगन मिठागरात कामाला जात.

"सीताबाय, डब्यासकट घेऊन जा गो. आमच्यात आता नाय चालायचं."

असा मी त्या घरातून निघालो. मला वाईट वाटायला हवे होते. पोळ्या गरम होत्या, एवढेच कळले.

शनिवारी दिवस मावळल्यावर अंगणापलीकडे होळी पेटली. पोळ्या संपल्या होत्या. जगनने मला पालथे केले आणि काठीने बडवायला सुरुवात केली. बाईंच्या खिडकीत दिवा होता. आत रूबेन पेसाहची कहाणी वाचत होता. माझा आवाज त्याच्या कानावर गेला तसा तो थांबला.

बाई ओट्यावर आल्या. कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि माझ्या प्रत्येक ठोक्याला पाय आपटू लागल्या. कोणाचे नाव बुडवायचे ते त्यांना आणि मला ठाऊक होते. जगनला वाटले, आवाजाचा त्रास होतो आहे. त्याने काठी खाली घेतली.

"वाजव रे जगन," त्या म्हणाल्या. "थांबू नको."

कितीतरी वर्षांनी त्या रात्री मला लागले.

मे महिन्यात बाई गेल्या. मी सीताबाईकडेच आहे. माझ्यात सुकट ठेवतात. माझी निगा राखा असे मी म्हणत नाही. पत्रा आहे, गंजणारच. पण मित्रांनो, तुमच्या आळीत एखादे एकटे उरलेले घर असेल, तर त्याचा सण कधी आहे ते जाऊन सांगा. कोणीतरी सांगितले असेल, असे धरून चालू नका. रूबेनने तेच धरले होते.