पाहून राहिली

चातुर्मासात क्षमा जेवताना बोलत नसे. आईमागे तिने हे व्रत उचललं, त्याला एकवीस वर्षं झाली होती. साडेबारा ते एक या वेळात क्षमाताईंना हाक मारून उपयोग नाही, हे जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यातल्या शेजारणींनाही ठाऊक होतं. पण पुण्याच्या संपादिकेला ते कोण सांगणार? नेमका त्याच वेळी अवंतिकाचा फोन आला, आणि प्रणोतीने, क्षमाच्या भाचीने, तो स्पीकरवर लावून ताटाशेजारी ठेवला.

"ताई, तुमचं पुस्तक दहा मिनिटांत छपाईला जातंय. शेवटच्या वाक्यातली तेवढी चूक सुधारली बरं का. 'ती वाट पाहून राहिली' असं पडलं होतं. मी 'वाट पाहत राहिली' केलंय. नाहीतर लोकांना वाटेल, वाट पाहून झाली आणि बिचारी तशीच राहिली, लग्नावाचून! चालेल ना?"

क्षमाच्या घशात घास अडकला. "हूं! हूं!" तिने जिवाच्या आकांताने मान हलवली, डावा हात हलवला. फोनला काय दिसणार!

"थँक्यू ताई," म्हणून अवंतिकाने फोन ठेवलासुद्धा.

"आत्या, तुला मना करायचं होतं का?" प्रणोतीने भीतभीत विचारलं. क्षमाने डोळे मिटून घेतले. ताटातलं टाकायचं नाही, म्हणून उरलेला भात कसाबसा संपवला, चूळ भरली आणि फोन लावला. तोवर पुस्तक छापखान्यात गेलं होतं.

"काहून एवढं टेन्शन घेऊन राहिली तू? एकच तर शब्द आहे," प्रणोती म्हणाली.

"शब्द एकच आहे," क्षमा हळू म्हणाली.

तिचं पहिलंवहिलं पुस्तक. दिवाळीच्या सुटीतली छोटीशी प्रेमकथा. त्यात नावं तेवढी बदललेली होती. बाकी सगळं नर्मदामाईने पाहिलेलं. साताऱ्याचा आल्हाद सुटीला मावशीकडे जबलपूरला आला होता, पंधरा दिवस. मावशी पहाटे कार्तिकस्नानाला नर्मदेच्या ग्वारीघाटावर जायची, क्षमाही आपल्या आईबरोबर यायची. आल्हाद मावशीचं ओलं लुगडं पिळून द्यायचा. थंडीने दातावर दात वाजत, तरी तिसरी बुडी मारायचा, कारण काठावर क्षमा उभी असायची. दोन म्हाताऱ्यांच्या देखत बोलणं ते किती होणार? 'का'साठीचा इकडचा 'काहून' हा शब्द मात्र त्याला फार आवडला होता. उगाच चारदा विचारायचा, "काहून?" आणि हसायचा.

गेल्यावर त्याचं एक पत्र आलं. 'आईशी बोलायचा धीर अजून झाला नाही. तुझं काय चाललंय?' क्षमाने कार्ड टाकलं. उघडं कार्ड, पोस्टमनपासून सगळे वाचणार, म्हणून एकच ओळ लिहिली. 'मी वाट पाहून राहिली.'

उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी मावशीकडे त्याच्या लग्नाची पत्रिका आली.

त्याला धीर झाला नसेल, अशी मनाची समजूत घालून तिने तीस वर्षं काढली होती. आणि आज एका परक्या मुलीने सहज सांगून टाकलं की ते वाक्य तिकडे कसं वाचतात. जबलपुरात 'पाहून राहिली' म्हणजे आत्ता, या घडीला वाट पाहते आहे. साताऱ्यात त्याने काय वाचलं असेल? वाट पाहून झाली, राहिले मी. टोमणा वाटला असेल. दार लावून घेतल्यासारखं वाटलं असेल त्याला.

आता पुस्तकातही तेच. 'पाहत राहिली.' म्हणजे तेव्हा कधीतरी पाहत होती, आता संपलं.

रविवारी मराठी मंडळात येणाऱ्या पुस्तकाची ओळख करून द्यायची होती. आल्हादच्या मावशीची मुलगी अमिता पहिल्या रांगेत मोबाइल सरसावून बसली होती. जीभ तिची पहिल्यापासून तिखट.

"नावं बदलली म्हणून काय झालं ग? लुगडं तर आमच्या आईचंच आहे!" ती क्षमाच्या कानाशी म्हणाली. मग आवाज उतरवून, "व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकते. आल्हाददादा पण आहे त्यात. वहिनी गेल्यापासून चार वर्षं झाली, कुठे काही बोलत नाही. पण पाहतो सगळं."

हे पुस्तक कोणासाठी लिहिलं, ते तिने देवाजवळही कधी मोकळेपणी कबूल केलं नव्हतं.

ती उभी राहिली. मंडळाचे अध्यक्ष नीलकंठराव मागून ओरडले, "क्षमाताई, जरा जोरात! मनातल्या मनात जप करून राहिल्या काय?" लोक हसले. तिने माइक जवळ घेतला. सुटीबद्दल सांगितलं, घाटाबद्दल, धुक्यातल्या होड्यांबद्दल. आणि मग थांबली.

"पुस्तकात शेवटचं वाक्य चुकीचं छापलं आहे. चूक माझी, मला वेळेवर बोलता आलं नाही. तिथे 'ती वाट पाहत राहिली' असं आहे. तसं नाही ते." "'ती वाट पाहून राहिली' असं आहे. बाहेरच्यांना हे कळत नाही. आपल्या इकडे पाहून राहिली म्हणजे संपलेलं नसतं. ती आत्ताही पाहते आहे."

"कोण पाहून राहिली?" नीलकंठरावांना गंमत सुचली. "नायिका की लेखिका?"

हशा पिकला. नायिका म्हणून सुटता आलं असतं. पण अमिताच्या हातातल्या मोबाइलकडे क्षमाने सरळ पाहिलं.

"दोघी," ती म्हणाली.

नीलकंठरावांनी चष्मा काढून उगाच पुसायला घेतला. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली, पण जरा सांभाळून, आजाऱ्याच्या खोलीत वाजवावी तशी.

चहा फिरू लागला तेव्हा अमिता जवळ आली. तिखट जीभ कुठे गेली होती कोण जाणे.

"ते शेवटचं काढून टाकू का ग? कापता येतं. मंडळी काय म्हणतील..."

"नको," क्षमा म्हणाली. "सबंध पाठव."

हॉलमध्ये रेंज नव्हती. अमिता मोबाइल घेऊन ओसरीत गेली आणि पाठमोरी, मान खाली घालून बोट फिरवत राहिली. क्षमाच्या हातातला चहा निवत होता. व्हिडिओ गेला असेल, की आल्हादने पाहिलाही असेल? दारातून तिला अमिताची फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ वळायची काही केल्या वळत नव्हती.