बत्तिसातून पाच

"सोड की गं. रबर तुटला तर तुटला, माझ्याकडे बरणीभर आहेत."

बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. समोर चिमटी. तिच्या पुढ्यात खराट्याच्या काड्यांच्या तीन जुड्या, प्रत्येकीला रबर गुंडाळलेला, आणि बाजूला दोन सुट्या काड्या. पलीकडे जाड्या दुकानदार होऊन हात पसरून बसला होता.

"पाच दे ना लवकर," जाड्या म्हणाला. "दुकान बंद करायचंय."

चिमटीनं दोन सुट्या काड्यांकडे पाहिलं. मग एका जुडीकडे. "पण बाई, जुडी मोडली तर दहा राहणार नाहीत."

"मग काय राहील?"

"काड्या."

"किती?"

 चिमटीच्या ओठांची हालचाल थांबली, डोळे जुडीवर खिळले, आणि मग चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळलं. "दहाच."

"मग? बांधल्या तरी दहा, सोडल्या तरी दहा. कुठं पळून जात नाहीत."

तिनं नखानं रबर उचलला. काड्या फरशीवर पसरल्या. तिनं त्यातल्या तीन आणि आधीच्या दोन जाड्याच्या हातावर ठेवल्या, उरलेल्या पुन्हा पुन्हा मोजल्या आणि इतक्या हळू म्हणाली की बाईंना पुढे वाकावं लागलं. "सत्तावीस."

दुसरीच्या त्या वर्गात हे गाणंच होतं: दहा जमले, बांधा गाठ, घोडं अडलं, सोडा गाठ. बाईंनीच जुळवलेलं. मुलं ते पायऱ्या उतरतानाही म्हणत, नळावर पाणी पितानाही. पण चिमटीच्या तोंडून ते यायला अर्धं वर्ष गेलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला ही पोर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. आदल्या वर्षी बोटांवर मोजते म्हणून तिच्या बोटांवर पट्टी बसली होती. तेव्हापासून तिनं हातच लपवून टाकले. बाईंनी तिला काही विचारलं नाही. नुसती बटणं समोर ठेवली. मग शंखशिंपले. मग बाटल्यांची झाकणं. एक दिवस उजवा हात बाहेर आला आणि तिनं एक लाल बटण चिमटीत धरून उचललं. तेव्हापासून ती चिमटी.

तिचे वडील पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचे. हात मोकळे झाल्यावर तिची जीभही मोकळी झाली. "आमचे पप्पा म्हणतात, उघडल्याशिवाय काही कळत नाही," ती येता-जाता सांगू लागली.

हे सगळं सामान बाईंच्या घरातून यायचं. लेक दुपारी मांडीवर झोपला की त्याचं डोकं न हलवता त्या एका हातानं जुड्या बांधायच्या, रबराचं एक टोक दातात धरून. "आमच्या सुनेनं घरातला खराटा कापून शाळेत नेला," सासूबाई शेजारणीला सांगत. "आता केर मी काय फुंकर मारून काढू?" पण औषधाच्या बाटलीचं झाकण धुऊन सुनेच्या पर्समध्ये गुपचूप टाकणाऱ्याही त्याच. नवरा म्हणायचा, "भंगारवाला हल्ली आपल्या दाराशी थांबतच नाही. त्याला वाटतं, हे आपल्याच धंद्यातले."

चेष्टा चालायची, कारण त्या चेष्टेच्या खाली एक काळजी होती आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. बाई कायम नव्हत्या. दर वर्षी नेमणूक व्हायची, दर वर्षी संपायची. कायम होण्यासाठी वयाची अट होती आणि हे त्यांचं शेवटचं वर्ष. नवऱ्याच्या कारखान्यात पाळ्या कमी झाल्या होत्या. नमुना पाठ बघायला साहेब येणार, त्यांच्या शेऱ्यावर सगळं ठरणार.

त्याच सुमारास पेटी आली. वरून पाठवलेली, देखणी, झाकणावर हसऱ्या मुलांचं चित्र. आत गणिताचं साहित्य. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ती आपल्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली.

"मुलांना एकदा हाताळू दे ना," बाई म्हणाल्या. "निदान दोन दिवस. नवीन वस्तू आहे."

"हाताळू दे म्हणजे हरवू दे. एक ठोकळा कमी भरला तर उत्तर कोण देणार?"

"पण साहेबांसमोर पहिल्यांदाच..."

"साहेबांसमोर हाताळतील की. नवीन दिसलं पाहिजे सगळं." मोठ्या बाईंनी आवाज खाली आणला. वाईट नव्हत्या त्या. "हे बघा, तुमचं नाव मी धाडलंय. तोंडाशी आलेला घास आहे. आणि ते तुमचं खराट्याचं दुकान त्या दिवशी दिसायला नको, एवढं करा."

बाईंनी काड्या, बटणं, झाकणं एका पोत्यात भरली आणि पोतं जिन्याखाली ठेवलं. मुलांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सुट्टीवर गेलंय ते."

साहेब आले त्या दिवशी वर्ग धुऊन घेतला होता. फरशीवर बसायचं नव्हतं, बाकांवर बसायचं होतं. साहेबांबरोबर फोनवर फोटो काढणारा एक तरुण होता. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर पेटीचं सील तोडलं, तेव्हा मुलांनी एकदम श्वास घेतला. पिवळे छोटे ठोकळे आणि निळे लांब दांडे. एका दांड्यावर दहा खाचा, प्रत्येक खाचेमध्ये एक ठोकळा कोरल्यासारखा. सगळं चकचकीत.

बाईंचा आवाज पहिल्या दोन वाक्यांना कोरडा होता, मग लागला. त्यांनी एक पिवळा ठोकळा उचलून दाखवला. "हा एक." मग निळा दांडा. "आणि हा? मोजा बरं खाचा." वर्गानं मोजल्या. "दहा. म्हणजे ही आपली जुडीच समजा. कळलं?"

"हो बाई," सगळा वर्ग.

पुढचं वाक्य त्यांनी रात्री घोकलं होतं. हा दांडा सुटत नाही, म्हणून तो पेटीत ठेवायचा आणि त्याच्या बदल्यात दहा पिवळे घ्यायचे. त्यांनी तोंड उघडलंही. पण साहेब हात वर करून म्हणाले, "थांबा बाई. तुम्ही नका सांगू. मुलांनाच करू द्या. सांगून तर सगळेच शिकवतात." आणि त्यांनी पहिल्या बाकावर पाहिलं. "ये बाळा, तू ये."

चिमटी उठली. टेबल तिच्या छातीएवढं होतं. साहेबांनी स्वतः तिच्यासमोर तीन निळे दांडे आणि दोन पिवळे ठोकळे मांडले.

"हे झाले बत्तीस. यातले मला पाच दे."

साहेबांनी हात पसरला. अगदी जाड्यासारखा.

चिमटीनं दोन पिवळ्या ठोकळ्यांकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. बाईंना ऐकू आलं नाही, पण कळलं, ती गाणं म्हणतेय. घोडं अडलं. तिनं एक निळा दांडा उचलला आणि त्याच्यावरून नख फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रबर शोधत होती. उलटा केला, पालथी बाजू पाहिली. बाई "अगं" म्हणेपर्यंत तिनं दांडा टेबलाच्या कडेवर मधोमध टेकवला आणि दोन्ही हातांनी दाबला.

कट्.

अर्धा तुकडा तिनं साहेबांच्या तळहातावर ठेवला, त्यावरच्या खाचा त्यांना दिसतील असा. उरलेला अर्धा दोन पिवळ्या ठोकळ्यांशेजारी नीट लावला. मग वर पाहून, मोठ्यानं, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "सत्तावीस राहिले."

फोटोवाल्यानं फोन खाली केला.

"अगं काय केलंस हे," मोठ्या बाई पुढे आल्या. "नवी कोरी पेटी, अजून पाच मिनिटं झाली नाहीत उघडून."

साहेब हसले, पण ते हसू तळहातावरच्या तुकड्यावरून बाईंकडे येईपर्यंत विरून गेलं. "साहित्य कसं हाताळायचं हे यांना शिकवलेलं दिसत नाही."

बाईंना ठाऊक होतं काय म्हणायचं ते. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. साहेब, तिचं उत्तर बरोबर आहे. अडलं की सोडायचं, हे मीच शिकवलंय. एवढंच. साहेबांनी कदाचित मान डोलावली असती. कदाचित नसतीही. त्या 'नसतीही'पाशी बाई थांबल्या. लेकाचं मांडीवरचं डोकं, संध्याकाळी लवकर घरी येऊन खिडकीत बसणारा नवरा, मोठ्या बाईंची मान किंचित नकारार्थी हललेली. हे सगळं एका श्वासाएवढ्या वेळात झालं आणि बाईंच्या तोंडून आवाज आला तो त्यांचा नव्हताच.

"कोणी शिकवलं गं तुला असं?"

 सगळ्यांना उत्तर माहीत होतं. जाड्यानं तर तोंड उघडलंही, पण शेजारच्यानं त्याला कोपर मारलं.

चिमटीनं बाईंकडे पाहिलं. रडवेली झाली नाही. मघाशी दांड्याचा रबर शोधत होती तसं तिनं बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं. सापडलं नसावं.

"कोणी नाही, बाई," ती म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.

उरलेला पाठ छान झाला. बाईंनी दांडा देऊन दहा पिवळे घेऊन दाखवले, मुलांनी एका सुरात आकडे म्हटले, फोटो निघाले. जाताना साहेब म्हणाले, "वर्गावर पकड आहे तुमची."

मोडलेला दांडा मोठ्या बाईंनी चिमटीच्या दप्तरात घालून घरी पाठवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील तो घेऊन फाटकाशी उभे होते. अंगावर कामाचे कपडे, नखांत काळं तेल. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून उलगडली. दांडा अखंड होता. मधोमध केसाएवढी एक रेघ, बस.

"जोडलाय बाई. आता हातोडी मारली तरी मोडायचा नाही." ते नजर वर करत नव्हते. "पोरीला समज दिलीय. हात आवरत नाही तिचा."

"मारलंत का तुम्ही तिला?"

"नाही." मग जरा थांबून, "थोडं."

बाईंनी फाटकाची दांडी धरली. "तिचं उत्तर बरोबर होतं."

"असेल बाई. पण वस्तू मोडली ना." त्यांनी पुडीचा कागद चौकोनी घडी घालून परत खिशात ठेवला. "आणि चूक माझीच. मीच घरात म्हणत असतो, उघडून बघ, उघडून बघ. आमच्या धंद्यात चालतं ते. शाळेत कसं चालेल?"

बाईंना सांगायचं होतं की चूक तुमची नाही. घंटा झाली. ते "येतो" म्हणून निघाले, आणि बाईंनीही त्यांना थांबवलं नाही.

दांडा पेटीत गेला, पेटी कपाटात गेली आणि किल्ली कमरेला. काही आठवड्यांनी बाईंच्या कायम नेमणुकीचा आदेश आला. "घरी तोंड गोड करा सगळ्यांचं," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. घरी नवऱ्यानं लेकाला खांद्यावर घेऊन नाचवलं. सासूबाई म्हणाल्या, "चला, आता तरी माझा खराटा घरात राहील." सगळे हसले. बाईही हसल्या. मग भाजी चिरायला बसल्या आणि बराच वेळ चिरतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्याखालून पोतं ओढून काढलं. आता कुणाची भीती नव्हती. फरशीवर काड्या आल्या, बटणं आली, मुलांचा गलका आला. जाड्या न सांगताच दुकानदार झाला. बाईंनी चिमटीला जवळ बोलावलं. तिच्यापुढे तीन जुड्या ठेवल्या आणि दोन सुट्या काड्या. अगदी तेच.

"दे बरं त्याला पाच."

चिमटी मांडी घालून बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली. तिनं मांडलेल्या काड्या नजरेनं मोजल्या.

"नाही देता येत, बाई."

"का गं?"

"सुट्या दोनच आहेत."

"अगं घोडं अडलं, सोडा गाठ," जाड्या तिच्या कानात ओरडला. तिनं मान हलवली. रुसवा नव्हता त्यात. एखादी गोष्ट कळल्यावर मोठी माणसं हलवतात तशी मान.

बाईंनी मग स्वतःच एक जुडी उचलली, रबर काढला आणि दहा काड्या तिच्यासमोर पसरून ठेवल्या. "बघ. कुठं पळून जात नाहीत. हो ना? घे. तुला हव्या तेवढ्या घे."

 मग चिमटीचे हात बाहेर आले. बाई पुढे वाकल्या.

तिनं एक एक काडी गोळा केली. दहाही. त्यांची टोकं फरशीवर टेकवून सारखी केली, बाईंच्या बोटांतला रबर अलगद घेतला आणि जुडी बांधली. नेहमीपेक्षा एक वेढा जास्त दिला. बांधलेली जुडी तिनं उरलेल्या दोन जुड्यांशेजारी ठेवली, आणि हात पुन्हा मांड्यांखाली घातले.