गोल खूण

चेंडू नेटच्या हातभर वरून आला आणि ओत्तावियोने तो सोडून दिला. रॅकेट खाली, डावा हात वर.

“आउट!”

शब्द तोंडातून गेला तेव्हा चेंडू अजून हवेतच होता. एवढ्या उंचीवरून, एवढ्या जोरात आलेला चेंडू बाहेरच पडतो, हे त्याला चाळीस वर्षं पाठ होतं. असे चेंडू सोडून देऊनच त्याने निम्मे सामने मारले होते. पण हा चेंडू शेवटच्या क्षणी वरून कुणी दाबल्यासारखा खाली आला, मागच्या रेषेपाशी आपटला आणि त्याच्या खांद्यावरून उडून कुंपणाच्या जाळीला लागला.

वर गच्चीतल्या टेबलांकडून टाळ्या आल्या. तिसरा सेट, पाच-चार, चाळीस-तीस. साठीपुढच्यांची फायनल संपली होती. क्लबचा सेक्रेटरी देलमो कठड्याशी येऊन ओरडला, “प्रोफेसर, विजेत्यांच्या फळ्यावर जागा उरली नाही हो तुमच्या नावाला! आता नवा फळा करा, तोही तुमच्याच खर्चाने!”

नेटपलीकडे लोरिस जागचा हलला नव्हता.

“बघू का?” त्याने विचारलं.

विचारण्यात गैर काही नव्हतं. क्लबच्या सामन्यांना पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आपणच सांगायचा, आणि समोरच्याला शंका आली तर मातीवरची खूण दाखवायची. ओत्तावियोने वळून खाली पाहिलं. खूण पायाशीच होती. लहान, गोल, खोल, आणि पांढऱ्या रेषेवर चांगली निम्मी चढलेली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. ‘माझं चुकलं, आत आहे,’ एवढंच. दर रविवारी क्लबात कुणी ना कुणी ते म्हणतं आणि दुसरा चेंडू घेऊन खेळ पुढे जातो. पण टाळ्या वाजून गेल्या होत्या आणि देलमो फळ्याचं बोलून बसला होता. शिवाय त्या गोल खुणेमागे वीतभर अंतरावर दुसरी एक खूण होती. लांबट, उथळ, कुणालाही दिसावी इतकी बाहेर. ओत्तावियोने रॅकेटचं टोक त्या दुसऱ्या खुणेवर टेकवलं.

“ही बघ.”

लोरिस नेटला वळसा घालून निघाला. चालताना रॅकेटच्या तारा तळहातावर आपटायची त्याची सवय होती. थप्प. थप्प.

ही थप्पथप्प यंदाच्या वसंत ऋतूपासून ओत्तावियोच्या डोक्यात गेली होती. दोघं लहानपणापासूनचे सोबती. लोरिसने जन्मभर फाएन्झाच्या रस्त्यावर बस चालवली, ओत्तावियोने, म्हणजे सगळ्यांच्या प्रोफेसरने, गावच्या शाळेत रेखाकला शिकवली, आणि दर रविवारी ओत्तावियोने लोरिसला हरवलं. या क्रमात कधी बदल झाला नव्हता. मग मागच्या हिवाळ्यात लोरिसच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. जड रॅकेट पुन्हा हातात धरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मार्चमध्ये तो एक काळी, जाड कडांची, ऐसपैस तोंडाची रॅकेट घेऊन आला. हातात घेतली तर वजनच लागेना.

“अरे, तवा कशाला आणलास?” ओत्तावियोने सगळ्यांदेखत विचारलं होतं. “पियादिनाच्या पोळ्या भाजणार आहेस का कोर्टावर?”

क्लब पोट धरून हसला. पहिले काही आठवडे लोरिसचे चेंडू थेट कुंपणावर जायचे तेव्हाही हसला. मे महिन्यात मात्र ते चेंडू खाली यायला लागले. त्या रॅकेटची चौकट इतकी ताठ की फटक्याचा जोर जराही वाया जाईना. तारा कडक आणि गुळगुळीत. चेंडू लागला की त्या बाजूला सरकायच्या, झटक्याने परत यायच्या आणि चेंडूला जबर फिरकी द्यायच्या. तो उंचावरून यायचा, मधेच गोता मारायचा आणि पडला की अंगावर उसळायचा. आधी लोरिसचा फटका तारांच्या मध्यावर बसला नाही की नेटमध्ये जाऊन मरायचा. आता काठावर लागलेला चेंडूसुद्धा मागच्या रेषेपर्यंत पोचायचा. ओत्तावियोची जुनी, जड, अरुंद तोंडाची रॅकेट अशी माफी देत नसे. तिच्यावर जनावराच्या आतड्याच्या तारा होत्या. चेंडू बरोबर मध्यावर लागला तर टण्ण असा स्वच्छ आवाज येई आणि तो नेटला घासून सपाट निघून जाई. मध्यावर नाही लागला, तर नाहीच.

जूनमध्ये लोरिसने त्याच्याकडून एक सेट घेतला. त्या दिवशी ओत्तावियो घरी जाऊन जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशी बारमध्ये सांगत सुटला, “लोरिस कुठे खेळतो? तवा खेळतो. लोरिस नुसता धरून उभा असतो.”

लोरिस हसायचा. म्हणायचा, “खरंय रे. मी आपला ड्रायव्हर.”

आता तो रेषेपाशी येऊन उभा राहिला. गुडघ्यावर हात टेकून वाकला. गोल खुणेकडे त्याने पाहिलं की नाही ते कळलं नाही. टोपीची सावली डोळ्यांवर होती. लांबट खुणेकडे मात्र तो बराच वेळ बघत राहिला, आणि तो बघत असतानाच ओत्तावियोला आठवलं.

त्या नव्या रॅकेटमधून असली खूण पडतच नाही. वरून गोता मारून आलेला चेंडू गोल खळगा करतो. लांबट ओरखडा उमटतो तो सपाट, घासून आलेल्या चेंडूचा, आणि या कोर्टावर तसा सपाट मारणारा माणूस एकच होता. बाजू बदलण्याआधी इथे लोरिस उभा होता. ओत्तावियोचा एक फोरहँड वीतभर लांब गेला होता. लोरिसने बोट वर करून रॅकेटने नेमकी हीच खूण दाखवली होती, आणि पलीकडून ओत्तावियोने मान डोलावली होती. आता त्याने आपल्याच चुकलेल्या चेंडूची खूण लोरिसच्या गळ्यात बांधली होती.

अजूनही वेळ होता. लोरिस सरळ उभा राहीपर्यंत, निदान तेवढा तरी.

“आउट आहे,” लोरिस म्हणाला. बुटाने त्याने लांबट खूण पुसून टाकली. मग हात पुढे केला. “छान खेळलास.”

त्याचा हात कोरडा होता. ओत्तावियोचा घामाने भिजलेला.

या क्लबात हरणारा कोर्टावरून जाळीची चटई ओढतो आणि जिंकणारा रेषा झाडतो. लोरिसने चटईची दोरी खांद्यावर, चांगल्या खांद्यावर, घेतली आणि कडेने फेऱ्या घालायला लागला. ओत्तावियो लांबच्या टोकाकडून झाडू घेऊन निघाला. लोरिसला ती खूण आठवली नसणार, तो स्वतःला सांगत होता. एवढ्या धावपळीत कोण खुणा लक्षात ठेवतो? पण लोरिस बस चालवायचा तेव्हा कोण कुठल्या थांब्यावर उतरणार हे त्याला चेहऱ्यावरून पाठ असे. म्हातारी माणसं झोपली असली तर तो त्यांना हाक मारून उतरवायचा. ओत्तावियोची बायको नादिया आजारी पडली तेव्हाही ड्युटी संपवून तोच तिला आणि ओत्तावियोला रोज बोलोन्याच्या इस्पितळात घेऊन जायचा. येताना ती मागच्या सीटवर झोपायची आणि लोरिस सगळी वाट रेडिओ बंद ठेवायचा. ओत्तावियो झाडत होता आणि हे सगळं त्याला नको असताना आठवत होतं. शाळेत त्याने केसभर सरकलेल्या रेषेसाठी मुलांचे कागद परत केले होते. निम्म्या गावाने त्याच्या हातून शून्य खाल्लं होतं.

रेषा झाडत तो त्या कोपऱ्याजवळ आला. झाडूचा एक हात मारला की सगळं मिटणार होतं. तसं ते मिटावं म्हणून तो घाई करत होता, हे स्वतःशीसुद्धा कबूल करायला त्याला लाज वाटली.

कोर्टभर चटईचे बारीक, एकसारखे चरे उमटले होते. फक्त मागच्या रेषेपाशी, मोठ्या ताटाएवढी जागा तशीच होती. चटई तिथवर येऊन उचलली गेली होती आणि पलीकडे पुन्हा टेकली होती. मधोमध ती गोल खूण, रेषेवर निम्मी चढलेली.

“लोरिस,” त्याने हाक मारली. “इथे राहिलंय तुझं.”

लोरिस कुंपणाशी चटई अडकवत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

“असू दे,” तो म्हणाला. “तिथे तू झाडतोयस ना.”

आणि पायऱ्या चढून वर गेला.

ओत्तावियो झाडू घेऊन उभा राहिला. सूर्य पॉप्लरच्या झाडांमागे उतरला होता तरी उजेड चांगला होता. त्याने रेषा झाडली. एका बाजूने खुणेपर्यंत, मग दुसऱ्या बाजूने खुणेपर्यंत. मधली जागा सोडली. झाडू जागेवर ठेवायला त्याला उगाचच वेळ लागला.

वर इवानाने ताल्यातेल्लेची, म्हणजे रुंद शेवयांची, परात टेबलावर आणली होती. क्लबचं स्वयंपाकघर तिचं होतं आणि जीभही तिचीच होती.

“प्रोफेसर, तोंड असं का पडलंय? जिंकलात की हरलात, आधी ते सांगा. त्याप्रमाणे वाढते.”

“वाढ तू,” ओत्तावियो म्हणाला.

तो लोरिसच्या समोर बसला. लोरिसने त्याच्या पेल्यात वाइन ओतली, नेहमीसारखी काठोकाठ. काळी रॅकेट त्याच्या खुर्चीच्या पाठीला टांगलेली होती.

“मग काय लोरिस,” देलमो म्हणाला, “इतक्या जवळ येऊन? मला तर वाटलं, यंदा तुझंच नाव रंगवायचं. ब्रशसुद्धा भिजवून ठेवला होता.”

“लांब जातो रे तिच्यातून चेंडू,” लोरिस म्हणाला. “ऐन वेळी भरवसा नाही. पुतण्याला देऊन टाकतो. त्याचा हात तरुण आहे, तो आवरेल तिला.”

“आणि तू?” देलमोने विचारलं.

“मी काय, बघत बसेन. खांदाही कुरकुरतोच आहे.”

“म्हणजे तवा थंड झाला!” देलमो म्हणाला आणि टेबलभर हशा उठला. शब्द ओत्तावियोचाच होता. आता तो सगळ्या क्लबाचा झाला होता. त्याने काटा उचलला आणि परत ठेवला. खांदा कुरकुरत नव्हता हे त्याला ठाऊक होतं. सकाळी सराव करताना लोरिस स्वतःहून म्हणाला होता, “बारा वर्षांचा असल्यासारखं वाटतंय बघ.”

देलमोने काट्याने पेला वाजवला. गप्पा थांबल्या. जिंकलेल्याने उभं राहून शेवटचा पॉइंट सांगायचा, ही इथली रीत. ओत्तावियो त्यात तरबेज. तो मिठाची बाटली नेट म्हणून मांडायचा, पावाचा गोळा चेंडू करायचा, हरलेल्याची नक्कल करायचा आणि बायकांना हसवून डोळ्यांतून पाणी काढायचा. त्याच्या नकला सर्वांत जास्त लोरिसच्याच झाल्या होत्या, आणि दर वेळी लोरिस सर्वांत मोठ्याने हसला होता.

ओत्तावियो उभा राहिला. कुणीतरी आधीच मिठाची बाटली त्याच्यापुढे सरकवली होती.

“शेवटचा पॉइंट,” तो म्हणाला आणि थांबला.

लोरिस ताटात बघत होता. काट्याला शेवया गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

“बोला, बोला!” देलमो म्हणाला. “तवा कसा करपला ते सांगा!”

“शेवटचा पॉइंट मी सांगू शकत नाही,” ओत्तावियो म्हणाला. “तो अजून कोर्टावर आहे. मागच्या रेषेवर. गोल आहे.”

हसायला तयार झालेले दोघं-तिघं तसेच राहिले. हे सगळे मातीवर वाढलेले लोक. गोल म्हणजे कुणाच्या रॅकेटचा, ते कुणाला सांगावं लागलं नाही. इवाना वाढायचा डाव हातात धरून दारातच उभी राहिली.

“त्याला मी दाखवली ती खूण माझ्या चेंडूची होती,” ओत्तावियो म्हणाला. “जुनी. त्याने ती ओळखली होती.”

ओत्तावियोचा चेहरा पेटला होता. मुलं त्याच्यापुढे चुकलेला कागद घेऊन उभी राहायची तसे त्याचे हात बाजूला लोंबत होते. नजर कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून ती त्याने मिठाच्या बाटलीवर ठेवली.

“खाली बस,” लोरिस हळूच म्हणाला. मान अजून वर केली नव्हती. “जेवण थंड होतंय.”

“होऊ दे.”

“ओत्तावियो. बस म्हणतो ना.”

“चाळीस-चाळीस झालेत,” ओत्तावियो म्हणाला. “उजेड आहे अजून.”

त्याने कोपऱ्यातून आपली रॅकेट उचलली आणि टेबलांमधून पायऱ्यांकडे निघाला. लोकांनी खुर्च्या ओढून त्याला वाट दिली. एरवी यातल्या प्रत्येकाने त्याच्या पाठीवर थाप मारली असती. वळून बघायची त्याची हिंमत नव्हती. तो पायऱ्या उतरला, कोर्टाचं फाटक ढकललं आणि ताज्या, गुळगुळीत मातीवर आपल्या बुटांचे ठसे उमटवत त्या न झाडलेल्या जागेपर्यंत गेला.

तिथे तो बराच वेळ उभा होता. वर गच्चीत एक खुर्ची सरकली. मग काहीच नाही.

मग पायऱ्यांवरून आवाज यायला लागला. थप्प. थप्प.