काळ्या डबीत राहिलेले एक्केचाळीस सेकंद

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. कॉम्प्युटरच्या आत नव्हे, त्याच्या शेजारी टेबलावर बसणारी. दुकानात माझे नाव मोठे होते, सगळे आकड्यांचे. या घरात आल्यावर काकूंनी मला ‘काळी डबी’ म्हटले आणि तेच नाव चिकटले.

मी जिथे जन्मले त्या कारखान्यात धुळीचा कणही चालत नाही. तिथली माणसे पांढऱ्या कपड्यांत नखशिखांत झाकलेली असतात. माझ्या पोटात आरशासारखी तबकडी बसवणाऱ्या बाईचे मी फक्त डोळे पाहिले. ते फार थकलेले होते. माझे काम एकच. कॉम्प्युटरमध्ये जे असेल त्याची नक्कल करून पोटात सांभाळायची, म्हणजे कॉम्प्युटर गेला तरी त्यातले जात नाही. याला बॅकअप म्हणतात. सगळे सुरळीत असते तेव्हा माझी कोणाला आठवण होत नाही, आणि ते बरेच असते.

मला या घरात मुलाने आणले. मुलगा म्हणजे काकाकाकूंचा एकुलता एक. त्याच्या मित्राचा कॉम्प्युटर बिघडून लग्नाचे सगळे फोटो गेले होते, त्याची धास्ती याने घेतली. पहिल्या दिवशी घरातले बारा वर्षांचे फोटो माझ्या पोटात आले, तेव्हा चौघेही माझ्यासमोर उभे होते. काका, काकू, मुलगा आणि सून. पडद्यावरची हिरवी रेघ पुढे सरकताना सगळे असे बघत होते, जणू मीच ती ढकलत होते. काकूंनी माझ्यासाठी फुलाफुलांच्या कापडाची खोळ शिवली. मुलाने ती काढून ठेवली. डबी गरम होईल म्हणाला.

“म्हणजे हिलाही ताप येतो का?” काकूंनी विचारले.

काकूंच्या बोलण्याबद्दल आधी सांगायला हवे. सव्वीस वर्षे त्या बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करत होत्या. अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे, हे सांगणारा तो आवाज हजारो लोकांच्या ओळखीचा होता, पण तो कोणाचा हे कोणालाच माहीत नव्हते. घरीही त्यांची सवय सुटली नव्हती. ताटे मांडली की त्या स्वयंपाकघरातून पुकारत, “जेवण फलाट क्रमांक एकवर लागलेले आहे. प्रवाशांनी हात धुऊन यावे.” काका मुद्दाम उशीर करत. मग दुसरी घोषणा होई, त्यात ‘प्रवासी’ जाऊन ‘अहो’ येई.

काकांना गल्लीत सगळे मीटरकाका म्हणत. चौतीस वर्षे ते घरोघर फिरून विजेच्या मीटरचे आकडे उतरवून घेत. जिन्याखाली वाकून वाकून त्यांच्या पाठीला पोक आले होते. वाया जाणारी वीज त्यांना बघवत नसे. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की त्यांचा जीव वरखाली होई.

मुलाने माझी वेळ ठरवून दिली होती, रोज दुपारी चार. त्या वेळी कॉम्प्युटरला कोणी हात लावत नसे. चार वाजले की तो मला आपोआप उठवी, नवे काय ते माझ्या हवाली करी, आणि मी पुन्हा स्वस्थ बसे. दोन वर्षे हे बिनबोभाट चालले.

मग काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी समोर बसवून स्पष्ट सांगितले, की ऑपरेशनने जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. त्या वेळी सुनेला पाचवा महिना होता.

दोन दिवस घरात जेवणाची घोषणा झाली नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी मुलाला सांगितले, मला त्या कॉम्प्युटरमध्ये बोलायचे आहे. बाळ येईल तेव्हा मी मुकी असेन. निदान त्याला माझ्या गोष्टी तरी ऐकू येऊ देत. मुलाने माइक आणला, जोडला आणि काहीतरी बोलून बघ म्हणाला. त्या बोलण्याची एक छोटी फाइल झाली. त्याच दुपारी चार वाजता ती माझ्याकडे आली. एक्केचाळीस सेकंदांची.

दुसऱ्या दिवसापासून काकू रोज सकाळी टेबलाशी बसू लागल्या. त्यांनी अंगाई म्हटली. शेपटी विसरून शाळेत गेलेल्या खारीची गोष्ट सांगितली. मुलगा लहानपणी कसा रुसून कपाटात बसायचा आणि तिथेच झोपून जायचा, तेही सांगितले. एकदा बसस्थानकावरच्या आवाजात त्यांनी घोषणा केली, की बाळ फलाटावर येत आहे, सर्वांनी बाजूला व्हावे. असे सोळा दिवस चालले. मी शेजारी जागी असे. त्यांचे सगळे बोलणे माझ्या कानांवर पडत होते, पण पोटात येत नव्हते. माझी वेळ चारची होती.

आणि चार वाजता मी बंद असे.

झाले होते असे. काकांना काही सुचत नव्हते. बायकोसाठी करण्यासारखे त्यांच्या हातात काहीच नव्हते. माणसाला असे झाले की तो हाताशी असेल ते काम धरतो. मुलगा एकदा बोलता बोलता म्हणाला होता, की टीव्ही, प्रिंटर, कॉम्प्युटर ही यंत्रे वापरात नसली तरी प्लगमधून थोडी थोडी वीज खात राहतात. काकांनी ते मनावर घेतले. रोज जेवण झाले की ते घरभर फिरत. टीव्हीचा लाल दिवा, प्रिंटरचा पिवळा दिवा, एकेक विझवत. कॉम्प्युटर नीट बंद करून शेवटी टेबलाखालचे बटण बंद करत. त्याबरोबर माझा हिरवा दिवाही जाई. दाराच्या मागच्या बाजूला ते खडूने तारीख आणि मीटरचा आकडा लिहीत. युनिटे खरोखरच कमी होऊ लागली. काकूंनी कौतुक केले. मुलानेही केले. चार वाजताचे त्याच्या लक्षातच आले नाही, कारण बटण बंद व्हायचे तेव्हा तो कामावर असायचा.

सकाळी कॉम्प्युटर लावला की पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन येई. बॅकअप झाला नाही, असे त्यात लिहिलेले असे. काकूंना मुलाने शिकवले होते की असले चौकोन जाहिरातींचे असतात, फुलीवर दाबून घालवायचे. त्या रोज फुली दाबत आणि गोष्ट सांगायला घेत. मी दिवा मिचकावून काय सांगणार? तो तर मी नेहमीच मिचकावत असते.

ऑपरेशन नीट पार पडले. काकू घरी आल्या त्या गळ्याला पट्टी बांधून आणि हातात पाटी घेऊन. पुढच्याच महिन्यात कॉम्प्युटरच्या आतून टकटक आवाज येऊ लागला आणि एका सकाळी तो सुरूच झाला नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिले. आतली तबकडी खरवडली गेली आहे, यातले काही निघणार नाही, म्हणाला. बॅकअप आहे का, असे त्याने विचारले. मुलगा निश्चिंतपणे म्हणाला, “आहे तर. रोजचा आहे.”

घरी येऊन त्याने मला सुनेच्या लॅपटॉपला जोडले. सगळे जण भोवती बसले. काकूंनी खुर्ची पुढे ओढून घेतली. माझ्या पोटातली शेवटची तारीख त्याने वाचली, परत वाचली. मग तो उठून दारामागे गेला. खडूची पहिली ओळ माझ्या शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची होती.

“बाबा, टेबलाखालचं बटण तुम्ही दुपारी बंद करता?” त्याने विचारले.

“जेवण झालं की करतो,” काका म्हणाले. “तूच सांगितलं होतंस ना?”

वीज वाचवणारा चुकीचे करत नव्हता आणि माझी वेळ लावणाराही नाही. दोघांनी एकमेकांना एक वाक्य सांगायला हवे होते, ते राहून गेले. आणि नक्कल खरोखर होते आहे का, हे एकदा उघडून कोणी पाहिले नव्हते. काका खाली मान घालून बसले होते. काकूंनी पाटी ओढली, काहीतरी लिहिले आणि त्यांच्यापुढे धरली.

‘युनिटं किती वाचली?’

काकू हसत होत्या. आपणही हसायला हवे हे काकांना कळले, पण त्यांना ते जमले नाही. त्यांनी पाटी हातात घेतली आणि बराच वेळ ती खाली ठेवली नाही.

मुलाने मग ती छोटी फाइल लावली. त्यात काकू म्हणतात, “आवाज येतोय का रे? येतोय? बरं. आता काय बोलू? लिहून आणायला हवं होतं बाई.” मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग खुर्ची सरकते आणि काकू म्हणतात, “अहो, उठलात का? मग जाताना पंखा बंद करा.” शेवटी मुलाचे हसणे. बस, एवढेच.

आता घरात नवा कॉम्प्युटर आला आहे आणि माझ्या जागी नवी डबी. दुसरी एक सुनेच्या माहेरी असते, म्हणजे एका घरात काही झाले तरी दुसऱ्या घरात राहील. काका अजूनही सगळी बटणे बंद करतात, पण चार ते पाच टेबलाखालचे चालू ठेवतात. बटणाशेजारी त्यांनी तशी चिठ्ठी लावली आहे. दर रविवारी ते नव्या डबीतली एखादी फाइल उघडून बघतात आणि मगच दारामागे खूण करतात. मी आता खणात असते. ते एक्केचाळीस सेकंद नव्या कॉम्प्युटरमध्ये आणि त्या दोन्ही डब्यांतही आहेत, तेव्हा माझी तशी गरज उरलेली नाही. तरी काका ते ऐकायला मलाच बाहेर काढतात. शेवटचे वाक्य झाले की ते उठतात आणि पंखा बंद करतात. थंडीचे दिवस असले आणि पंखा बंदच असला, तरी बटणापर्यंत जाऊन हात लावून येतात.

मित्रांनो, वीज जरूर वाचवा. न लागणारे दिवे विझवा. पण बटण दाबण्याआधी त्याच्या पलीकडे कोण काम करते आहे, ते घरात विचारून घ्या. आणि जे परत मिळणार नाही त्याची नक्कल झाली असेल असे गृहीत धरू नका. झाली का, ते उघडून बघा.

नात आता दोन वर्षांची झाली. तो आवाज लागला की ती माझ्याकडे बोट दाखवते आणि विचारते, डबीत कोण बोलते? तेव्हा काकू तिला मांडीवर घेतात, तिचे ते बोट धरतात आणि आपल्या गळ्यावर टेकवतात.