शेवटच्या गाडीची पोरं

"हिंमतरावांकडं मी जाणार नाही," दत्तोपंत म्हणाले आणि त्यांनी चहाचा रिकामा कप बशीवर पालथा घातला.

शाळेच्या खोलीत बसलेले आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. तोपर्यंत बैठक कधी नव्हे इतकी सुरळीत चालली होती. लोहाऱ्यात चार माणसं एका कामासाठी बसतात आणि भांडण न होता उठतात, असं फार वेळा घडत नाही. शाळेने संध्याकाळसाठी दोन वर्ग मोकळे करून दिले होते. स्टँडवरच्या कँटीनचा सोमलिंग सतरंज्या आणि ट्यूबलाइट देणार होता. बचत गटाच्या गजराबाई रोज सुशीला करून आणणार होत्या. फोडणीचे हे चुरमुरे आमच्याकडच्या पोरांना एवढे आवडतात, की त्यापायी ती गणितसुद्धा सोसतात. शिकवायला कॉलेजातली मुलंही तयार झाली होती. राहिली होती ती फक्त गाडी.

ज्यांच्या संध्याकाळच्या अभ्यासासाठी हे चाललं होतं, ती शाळकरी मुलं आसपासच्या वाड्यांवरून लोहाऱ्याला शिकायला येतात. पूर्वी शाळा सुटल्यावर शेवटच्या एसटीला पुष्कळ अवकाश असायचा आणि त्या मधल्या वेळातच त्यांचा अभ्यास व्हायचा. यंदाच्या दिवाळीपासून ती गाडी शाळा सुटताच निघू लागली. वाड्यांनीच तशी मागणी केली होती. दवाखान्याला आणि बाजाराला आलेल्या माणसांना दिवस मावळायच्या आत घर गाठायचं होतं, आणि त्यात त्यांचं काही चूक नव्हतं. पण संध्याकाळचा अभ्यास टिकवायचा, तर मुलांना दिवेलागणीला घरी सोडणारं दुसरं वाहन हवं. वाड्यांकडे जाणाऱ्या बेलवाडीच्या रस्त्याला असं वाहन एकाच घरचं, हिंमतरावांची आणि त्यांच्या मुलाची जीप. आणि हिंमतरावांनी सोमलिंगकडे निरोप दिला होता की, कंट्रोलरसायेब स्वतः येऊन म्हणले तर बघू.

ते कंट्रोलरसाहेब म्हणजेच दत्तोपंत. मूळचे तुळजापूरचे. आधी कंडक्टर, मग बढती मिळून लोहारा स्टँडचे कंट्रोलर झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. एसटीचा कंट्रोलर आणि जीपवाला यांचं नातं काय असतं, हे ज्यांनी तालुक्याचं स्टँड पाहिलंय त्यांना सांगायला नको. जीपवाला प्रवासी पळवायला स्टँडच्या तोंडाशी येणार आणि कंट्रोलर शिट्टी फुंकत त्याच्या अंगावर धावून जाणार. दत्तोपंतांनी हिंमतरावांना किती वेळा हाकललं असेल, याचा हिशोब दोघांपैकी कुणाकडेच नसेल.

मी आता याच शाळेत मराठी शिकवते, पण माझा खरा अभ्यास झाला तो समोरच्या स्टँडवर. मी बेलवाडीची. आई-वडील दिवसभर रानात असायचे. शाळा सुटली की आम्ही वाड्यांवरची पोरं स्टँडवर येऊन पडायचो आणि करता येतील तेवढे उद्योग करायचो. उभ्या गाडीच्या शिडीवर चढायचं, कुणाच्या तरी शेळीला कागद चारायचे. एकदा आम्ही पाटीवरची गावांची नावं खडूने बदलली आणि मुरुमला जाणारी एक म्हातारी भूमच्या गाडीत जाऊन बसली. दत्तोपंतांनी तिला धावत जाऊन उतरवलं, तिची माफी मागितली आणि मग आमच्याकडे वळले. आम्हाला वाटलं, आता मार बसणार. त्यांनी खडू मागून घेतला आणि फलाटाच्या मागच्या भिंतीवर तेराचा पाढा लिहिला.

"गाडी लागंपर्यंत हा पाठ पाहिजे," ते म्हणाले. "नाही झाला तर घंटी मिळणार नाही."

घंटी मिळणार नाही म्हणजे गाडी सुटणार नाही. आम्हाला ते खरंच वाटलं होतं. आता वाटतं, त्या काळी ते खरंही असावं, कारण मुक्कामी, म्हणजे आमच्या शेवटच्या, गाडीचा ड्रायव्हर तंबाखू मळत आमचा पाढा ऐकत उभा राहायचा आणि गाडीतले प्रवासी खिडकीतून विसरलेले आकडे सांगायचे.

दत्तोपंत तसे शिकवणारे नव्हतेच. त्यांना आमच्या विज्ञानातलं काही येत नव्हतं आणि इंग्रजीशी त्यांचं जेमतेम जमायचं. ते फक्त आम्हाला बसवून ठेवायचे. मध्येच गाडी आली की उठायचे, माइकवरून "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" करून गाडी सांगायचे आणि माइक बंद न करताच, "सात आठं?" असं आम्हाला विचारायचे. सगळ्या स्टँडला ऐकू जायचं. उत्तर चुकलं तर केळीवाली हसायची, म्हणून आम्ही चुकत नव्हतो. पुढे शाळेत तोंडी परीक्षेला उभी राहिले आणि मी ठणठणीत आवाजात "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, तेर साती एक्क्याण्णव" असं म्हटलं. गुरुजींनी खडू खाली ठेवला आणि ते वर्गाबाहेर जाऊन पोटभर हसून आले. ते दिवस फार चांगले होते. डिझेलचा आणि भज्यांचा वास आला की अजूनही मला अभ्यासाला बसावंसं वाटतं.

निवृत्त झाल्यावरही दत्तोपंत रोज संध्याकाळी त्याच बाकावर येऊन बसायचे. पोरं बदलत गेली, बाक तोच राहिला. यंदा दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी एकदा तिकडून चालले होते. शेवटची गाडी निघून गेली होती आणि दत्तोपंत एकटेच बसले होते, मांडीवर खडूचा डबा घेऊन.

"बाई, जरा बसता का?" ते मला म्हणाले. मी शिक्षिका झाल्यापासून ते मला बाई म्हणतात, मी कितीही सांगितलं तरी. "पोरं येतात आणि लगेच गाडीत चढतात. त्यांचं बरोबर आहे. पण मी घरी जाऊन तरी काय करू?"

दुसऱ्याच दिवशी मी सोमलिंगला गाठलं, मग मुख्याध्यापकांना, मग गजराबाईंना, आणि असं करत करत ती बैठक भरली. पूर्वी पंधरा-वीस पोरं असायची, आता सगळ्या वाड्यांवरची घ्यायची असं ठरलं. मुलींच्या आया बैठकीला मुद्दाम आल्या होत्या. त्यांचं म्हणणं एकच होतं, पोरगी अंधाराच्या आत बिनघोर दारात उतरली पाहिजे. नाहीतर अभ्यास आमचा आम्ही बघून घेऊ.

आणि इथे येऊन दत्तोपंतांनी कप पालथा घातला होता.

"साहेब, एवढं सगळं जमलंय," मी म्हणाले. "एका शब्दासाठी मोडायचं का?"

"बाई, मी एसटीचं मीठ खाल्लंय. जन्मभर ज्याला शिट्टी मारून हाकललं, त्याच्या दारात जाऊ? माझा तो खाकी कोट अजून खुंटीला आहे."

मागे बसलेली आरोही, सातवीतली, बेलवाडीचीच, आईच्या कानाशी लागून पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मग आपलं बंदच का गं?"

दत्तोपंतांनी ते ऐकलं. कप सरळ करून पुन्हा बशीत ठेवला आणि ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ते फाटकाशी उभे होते. "चला," एवढंच म्हणाले. जीपचा अड्डा स्टँडपासून लांब, वडाच्या झाडाखाली आहे. इतकी वर्षं तो तिथे कुणामुळे आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. हिंमतराव बॉनेट उघडून आत डोकावत होते. आम्हाला बघून त्यांनी फडक्याला हात पुसले आणि सीटवरची धूळ झटकली.

"बसा सायेब. हितंवर यायला लई दिवस लावले तुम्ही."

दत्तोपंत बसले नाहीत. "पोरांसाठी गाडी पाहिजे, हिंमतराव. डिझेलचं आमची बैठकीतली मंडळी बघणार आहेत."

"डिझेलचं इचारलं का म्या?" हिंमतराव म्हणाले. "एक सांगा. त्या साली पुलावरनं पाणी गेलं आन् मुक्कामी गाडी आलीच न्हाय. ध्यानात हाय का?"

मला आठवत होतं. मी त्या पोरांत होते. अंधारून आलेलं, आणि स्टँडवर आम्ही मुलीच जास्त.

"म्या जीप घिऊन आलो," हिंमतराव सांगू लागले. "म्हणलं, वरल्या रस्त्यानं सोडतो पोरांस्नी, पैसा नगं. तुम्ही शिट्टी मारली. पोरांस्नी हापिसात घेतलं आन् दार लावलं. ट्रॅक्टर येईस्तवर पोरं दिली न्हाईत. सायेब, हाकललं ते धंद्याचं झालं, त्याचं काय न्हाय. तुमची नोकरी व्हती, माझं पोट व्हतं. पर त्या दिवशी काय म्या चोर व्हतो का? माझ्या घरात बी पोरी व्हत्या."

ते रागाने बोलत नव्हते, त्यामुळे ऐकायला जास्त जड जात होतं. दत्तोपंतांनी खिशात हात घातला, पुन्हा बाहेर काढला.

"पोरं माझ्या ताब्यात होती," ते हळू म्हणाले. "काही झालं असतं तर आईबापांना काय तोंड दाखवलं असतं? तेवढंच डोक्यात होतं." मग हिंमतरावांकडे बघून म्हणाले, "पण तुम्ही चांगल्या मनानं आला होता, ते मला तेव्हाही कळलं होतं. त्या दिवशी पोरं तुमच्याकडं द्यायला पाहिजे होती."

हिंमतरावांनी बॉनेट खाली टाकलं. "व्हय," म्हणत त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "आणतो गाडी. पर शाळेच्या फाटकात म्या आपल्या आपण यायचो न्हाय. स्टँडसमोरनं यायचं हाय. तुम्ही हातानं बोलवा. आन् पोरं तुमच्या हातानं बसवा."

शाळेचं फाटक स्टँडच्या अगदी समोर आहे. तिथे काय होणार, ते दत्तोपंतांना माझ्याआधी कळलं. त्यांच्या हाताखाली वाढलेले ड्रायव्हर-कंडक्टर बघणार होते. दत्तोपंत मानेनेच हो म्हणून वळले. परतताना वाटेत एकदाच बोलले. "बाई, माझी शिट्टी कुठं ठेवलीय ते बघावं लागेल."

सोमवारी अभ्यास सुरू झाला. दोन्ही वर्ग गच्च भरले. सोमलिंगने ट्यूबलाइट लावून दिली आणि ती लागते का हे पाहायला तो तिथेच बसून राहिला. गजराबाईंच्या सुशीलाचं पातेलं बघता बघता तळाला गेलं. कॉलेजच्या मुली फळ्यावर छान समजावून सांगत होत्या, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं इतकं छान. दत्तोपंतांसाठी पुढे खुर्ची ठेवली होती, पण ते दाराजवळ भिंतीला टेकून बसले. खडूचा डबा त्यांनी आल्या आल्याच त्या मुलींच्या टेबलावर ठेवला होता. मला वाटलं, ते पाढा विचारतील. त्यांनी नाही विचारला.

उन्हं उतरली तसे ते उठले. मी मागोमाग गेले. ते खाकी कोट घालून आले होते, गुंड्या पोटावर लागत नव्हत्या. स्टँडवर दोन गाड्या उभ्या होत्या आणि ड्रायव्हर लोक कँटीनच्या ओट्यावर होते. पलीकडे, वडाच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला हिंमतरावांची जीप उभी होती. अगदी तेवढ्याच अंतरावर, जिथून पुढे ती कधी आली नव्हती.

दत्तोपंत रस्त्याच्या मधोमध गेले. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली. वर्षानुवर्षांच्या सवयीने जीपचं इंजिन सुरू झालं आणि ती एकदम मागे सरकल्यासारखी झाली. ओट्यावरचं कुणीतरी हसलं. मग दत्तोपंतांनी हात वर केला आणि तो आपल्याकडे ओढत राहिले. एसटी फलाटाला लावताना करायचे, अगदी तसंच.

"येऊ द्या. येऊ द्या. डावीकडं घ्या. अजून. बास."

जीप फाटकाला लागली. ओट्यावरचं हसू थांबलं होतं. एक जुना ड्रायव्हर उठून उभा राहिला आणि त्याचं बघून बाकीचेही उठले.

हिंमतराव खाली उतरले नाहीत. स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून सरळ समोर बघत राहिले. दत्तोपंतांनी पोरांना एकेक करून चढवलं, लहान आत, मोठी कडेला, मुली पुढे. दप्तरं टपावर बांधली. आरोहीला उचलून बसवायला गेले, तर ती म्हणाली, "आजोबा, आता मी मोठी हाय." तेव्हा त्यांनी नुसता तिच्या कोपराला हात लावला. जी पोरं मावली नाहीत, त्यांच्यासाठी हिंमतरावांच्या थोरल्या मुलाची जीप मागे येऊन थांबलीच होती.

सगळी बसली तरी गाडी हलेना. दत्तोपंत पुढे जाऊन खिडकीत वाकले.

"काय झालं?"

"घंटी न्हाय मिळाली सायेब," हिंमतराव म्हणाले.

दत्तोपंतांनी जीपच्या पत्र्यावर हाताने दोन थापा मारल्या. कंडक्टरची डबल घंटी. गाडी सुटली. आतून पोरांनी पाढ्यासारखं काहीतरी एका सुरात म्हणायला सुरुवात केली होती, पण इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. दत्तोपंतांना बहुतेक आलं असावं, कारण त्यांचे ओठ हलत होते.

जीप वळणाआड जाईपर्यंत ते रस्त्यात उभे होते. मग सवयीने मनगटावरच्या घड्याळात बघितलं, शिट्टी रुमालात गुंडाळली आणि माझ्याकडे वळले.

"गेली बाई शेवटची गाडी," ते म्हणाले. "आता मलाही घरी जायला हरकत नाही."

बाकाकडे न बघता ते स्टँडच्या कडेकडेने निघाले. ओट्यावरचे ड्रायव्हर अजून उभेच होते.