पूजेत न मांडलेली लेन्स

मित्रांनो, दूरचं जवळ करून दाखवणारी मी एक लेन्स आहे. सत्तर ते तीनशे मिलिमीटरची आणि स्वस्तातली. प्लॅस्टिकचं काळं अंग, अरुंद डोळा, आणि पुढची नळी ओढली की मी लांब होते आणि दूरचं मोठं दिसतं, ढकलली की आखूड. आज माझ्या काचेला आरपार तडा आहे आणि मी पत्र्याच्या पेटीत पडून असते. तरी बाहेर धुकं उतरलं की मला अजून धडकी भरते. का, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझी पहिली वर्षं तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या एका स्टुडिओत, लग्नांमध्ये गेली. मांडवातल्या झगझगीत दिव्यांत मी नवरीच्या नथीतला खडा अन् खडा टिपायची, आणि लोक वाहवा करायचे. पण दिवसभर फोटोग्राफरच्या ढेरीवर खाली तोंड करून लोंबकळल्याने माझी नळी सैल झाली. खाली धरलं की आपोआप बाहेर सरकायची, वर धरलं की आत. पुढे स्टुडिओ बंद पडला आणि मी जुन्या मालाच्या दुकानात, काचेच्या कपाटात येऊन बसले.

तिथेच मला कयलविळी भेटली. वालपारैच्या चहामळ्यातली मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली. सोबत तिची आई पवळम होती. माझ्या शेजारी मोठ्या फोटोग्राफरांची एक जाडजूड लेन्स मांडली होती. कयलचे डोळे तिच्यावरून हलेनात.

"ती उचलायला तुला बैल बांधावा लागेल," पवळम म्हणाली. "ही बघ ना, पोरगी कशी सुटसुटीत आहे."

दुकानदार सरळ माणूस होता. "अम्मा, उन्हात हिला तोड नाही. पण उजेड कमी झाला की हिच्याकडून फार आशा धरू नका."

पवळमने मलाच घेतलं.

कयलचं काम मला पहिल्याच दिवशी कळलं आणि माझी बोबडी वळली. त्या डोंगरात हत्ती चहाच्या मळ्यांतूनच ये-जा करतात. तिथले मजूर हत्तीचं नाव घेत नाहीत, 'पेरियवर' म्हणतात, म्हणजे थोरले. पेरियवर कुठे आहेत हे शोधायचं, कानांचा आणि शेपटीचा फोटो काढून कोणता हत्ती आहे ते ओळखायचं, आणि पानं खुडणाऱ्या बायकांना फोनवर कळवायचं, हे कयलच्या कचेरीचं काम. कळपाला वाट दिली की कळप निघून जायचा. भीती होती ती एकट्या मकन्याची. मकना म्हणजे सुळे नसलेला नर. त्याने आधीच्या साली एका पहारेकऱ्याला चिरडलं होतं.

कयलने माझ्या सैल नळीवर एक रबर चढवलं आणि आमचं बरं चाललं होतं. मग कोणा दात्याने कचेरीला तशीच एक जाडजूड लेन्स भेट दिली. तिचा डोळा चांगला रुंद होता. धुक्यातलासुद्धा उजेड ती गोळा करायची. सांध्यांना पाणी अडवणारं रबर होतं. तिची नळी बाहेर यायचीच नाही, सगळी हालचाल आतल्या आत, त्यामुळे सरकण्याचा प्रश्नच नव्हता. मला वाटलं, संपलं आपलं.

झालं उलटंच. कचेरी सांभाळणारे मासिलामणी मोठे भाविक आणि त्याहून मोठे वस्तू जपणारे. त्यांनी तिला बल्ब लावलेल्या कोरड्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं. पाऊस आहे, नको. धूळ आहे, नको. भिजण्यासाठीच घडवलेली ती उबेत बसायची, आणि पावसात मी जायची. खरं सांगते, मला तेव्हा अभिमान वाटायचा.

आयुधपूजेच्या दिवशी दुपारीच धुकं उतरलं. मासिलामणींनी जीप, संगणक, कोयते आणि ती मोठी लेन्स यांना चंदन-कुंकू लावलं, हार घातला, चुरमुरे-गुळाचा नैवेद्य दाखवला. मला कोणी मांडलं नाही. तेवढ्यात फोन आला, की वरच्या उतारावर काहीतरी हलतंय. बायका कारखान्यातली पूजा आटोपून त्याच पायवाटेने घरी निघणार होत्या, आणि त्यांत पवळमही होती.

कयलने मोठ्या लेन्सकडे हात नेला.

"आता हात लावू नकोस," मासिलामणी म्हणाले. "पूजेत मांडलेलं उद्या सकाळपर्यंत उचलत नाहीत. तुला माहीत नाही का?"

"अण्णा, बाहेर एवढं धुकं आहे."

"म्हणूनच. तिला पाणी लागलं तर उत्तर कोण देणार, तू? तुझी ती रोजची ने. तिला काय धाड भरलीय."

कयलने मला कॅमेऱ्यावर चढवलं. माझं रबर कुजून त्याच आठवड्यात तुटलं होतं, आणि नवं चढवायचं राहून गेलं होतं.

पायवाटेच्या वळणावर उभी राहून तिने मला पूर्ण लांब केलं आणि उताराकडे वर रोखलं. समोर नुसतं पांढरं. ती वाट बघत राहिली. आणि मित्रांनो, मी सरकू लागले. हळूहळू, आत, आखूड. पांढऱ्या धुक्यात तिला ते कळायला काही मार्गच नव्हता. मला ओरडावंसं वाटलं, पण लेन्सला कुठला आवाज?

धुकं विरळ झालं आणि मकना दिसला, कानापासून शेपटीपर्यंत अख्खा. मी लांब असते तर एवढा अख्खा दिसणारा हत्ती खूप दूर असता. कयलने तेच गृहीत धरलं. तिने आईला फोन लावला. "लांब आहे तो, वर कड्याजवळ. या सगळ्या, भरभर या."

हसण्या-बोलण्याचा आवाज जवळ येऊ लागला. कयलला आता कानाचा स्पष्ट फोटो हवा होता, म्हणजे खात्री झाली असती. त्या अंधूक उजेडात मला नेम साधेना, म्हणजे फोकस लागेना. माझी मोटर कुरकुरत पुढे-मागे फिरत राहिली. वैतागून तिने हातानेच नेम साधायचं ठरवलं आणि माझ्या पुढच्या टोकाला हात घातला. टोक तिथे नव्हतंच. तिची बोटं रिकाम्या हवेत गेली.

मी आखूड झालेय, म्हणजे तो जवळ आहे, हे तिला कळलं. तिने कॅमेरा खाली घेतला. तेव्हा चहाची झुडपं मोडल्याचा आवाज आला, अगदी जवळून.

आता ती गप्प बसती तर ती वाचती. झुडपाआड बसली असती की झालं असतं. पण बायका त्याच्या पायाशी पोचल्या असत्या.

"अम्मा, मागे फिर. पळा सगळ्या, मागे," ती जीव खाऊन ओरडली.

मकना आवाजाच्या दिशेला वळला. कयल धावली. माझा पट्टा झुडपात अडकला, तिने तो मानेतून काढून टाकला आणि मी दगडावर आपटले. माझ्याशेजारी त्याचा पाय पडला, जमीन हादरली. सोंडेचा ओला श्वास माझ्या काचेवर आला. मग तो पुढे गेला, तिच्या मागे. त्यानंतर मला काहीच ऐकू आलं नाही. ती जिवंत आहे की नाही, हे न कळता मी चिखलात पडून राहिले. तेवढी भीती मला कधीच वाटली नव्हती.

संध्याकाळी मासिलामणींनी मला उचललं. ते कोणाला तरी सांगत होते, "पाण्याच्या चरात सापडली पोर. हात मोडलाय. बायका सगळ्या सुखरूप आहेत."

दवाखान्यातून पवळम थेट कचेरीत आली. पूजेसमोर उभी राहून तिने ती हार घातलेली लेन्स पाहिली. आवाज मुळीच चढवला नाही.

"अण्णा, हिला फार जपलंत तुम्ही. माझ्या पोरीला कोणी जपायचं?"

 सकाळ व्हायची होती, तरी मासिलामणींनी मोठी लेन्स पूजेतून उचलली, धोतराच्या टोकाने चंदन पुसलं आणि ती कॅमेऱ्यावर चढवली. पेटीतल्या उबेला मला ठेवलं.

मित्रांनो, महागातलंच घ्या असं माझं म्हणणं नाही. उन्हात, लग्नात, मैदानावर माझ्यासारखी खुशाल वापरा. पण जिथे कोणाच्या जिवाला धोका आहे, तिथे घरातली सगळ्यात चांगली वस्तू बाहेर काढा. ती भिजू दे, झिजू दे. वस्तू जपताना माणसाला पुढे करू नका.

कयलचा हात अजून नीट वळत नाही, तरी ती धुक्यात रोज जाते. आता मोठी लेन्स तिच्यासोबत असते. तरीही दारात तिच्या चपला वाजेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.