माझ्या मागच्या चाकातली घरघर

मी एक जुना ट्रक आहे, मित्रांनो. वय वर्षं चौदा. तुमच्यात या वयाची मुलं शाळेत जातात. आमच्यात या वयाला नातवंडं असावीत इतकं म्हातारपण आलेलं असतं. तरी मी अजून धावतो. पण मागच्या वर्षी माझं धावणं थांबायचीच वेळ आली होती, आणि माझ्याबरोबर आणखी एकाचं. तीच हकिकत तुम्हाला सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी नुसता सांगाडा होतो. पुढे इंजिन, मागे उघडी चौकट. पनवेलच्या सुतारांनी माझा लाकडी हौदा बांधला, निळा रंग दिला आणि दोन्ही बाजूंना पिवळी कमळं काढली. मला घ्यायला आलेले माझे मालक, गोटीराम, ती कमळं बघून इतके खूश झाले की सुकलेला रंग बोटाने पुसून त्यांनी दोनदा खात्री करून घेतली.

गोटीराम जुईनगरच्या गावठाणातले. त्यांच्या वडिलांची भातशेती होती तिथे आता सात-सात मजल्यांच्या सोसायट्या आहेत. शेत गेलं, नांगर सुटला, तसं त्यांनी माझं स्टिअरिंग धरलं. मालकही तेच आणि ड्रायव्हरही तेच. जुन्नरकडचे टोमॅटो, नाशिकचा कांदा एपीएमसी मार्केटला आणायचा. मधल्या दिवसांत उरणच्या गोदामांचा माल वाहायचा. अशी आमची वर्षं गेली.

त्यांचे कान फार तिखट होते. इंजिनाचा सूर ऐकून ते गिअर बदलत. कुठे जरा खट्ट झालं की मला बाजूला घेत आणि पान्हा घेऊन खाली शिरत. वर्षातून एकदा माझी चाकं उघडून, आतले बेअरिंग, म्हणजे चाक हलकं फिरवणारे रूळ, धुऊन, ताजं ग्रीस भरत. 'गोटीरामची गाडी म्हणजे नवी नवरी,' असं मार्केटात सगळे म्हणत. दसऱ्याला तर मला इतके हार घालत की पुढचा रस्ता दिसत नसे.

मग हळूहळू काहीतरी बदललं. ते गिअर उशिरा टाकू लागले. रेडिओ मोठा झाला. मागून कुणी हॉर्न दिला तरी आरशात दिसेपर्यंत त्यांना पत्ता नसे. सगळ्यांत आधी मला कळलं, मित्रांनो. गोटीरामना ऐकू येईनासं झालं होतं. मला सांगता येत नव्हतं आणि त्यांना सांगायचं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात उरणकडे खाडीला उधाण आलं आणि पाणी रस्त्यावर चढलं. अर्ध्या चाकापर्यंत खाऱ्या पाण्यात मी दुपारभर उभा होतो. पूर्वीचे गोटीराम असते तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी चाकं उघडली असती. या वेळी नाही उघडली. ते पाणी माझ्या मागच्या डाव्या चाकात शिरलं आणि तिथेच राहिलं.

दिवाळीनंतर माझ्या मागच्या बाजूने दोन आवाज येऊ लागले. जागेवरून निघताना 'ठक', आणि धावताना 'घर्रर्र'. मार्केटात पोती उतरवणारे हौसेराव एकदा म्हणाले, "पाव्हणं, गाडीच्या मागनं काय तरी घासतंय बघा."

गोटीराम हसून म्हणाले, "जेवलो की. तुम्ही जेवलात?"

हौसेरावांनी डोकं खाजवलं आणि पुढचं पोतं उचललं.

घरी गोजराबाईंच्या मात्र ते लक्षात आलं. गोजराबाई म्हणजे गोटीरामच्या पत्नी. मी तळ्याजवळच्या वळणावर आलो की त्या माझा आवाज ओळखून चुलीवर भाकरी टाकत. त्या म्हणाल्या, "तुमची गाडी आता वळताना कन्हते. काय दुखतंय तिला?"

"फाळका वाजत असेल," गोटीराम म्हणाले. फाळका म्हणजे माझ्या हौद्याचं मागचं दार. बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता.

सोमवारी जुन्नरहून टोमॅटो भरून माळशेज घाट उतरायचा होता. गोजराबाईंनी शनिवारीच हट्ट धरला, "आदी हारुनभावजींना दाखवा, मंग घाटात जा." आणि त्या स्वतःच गाडीत चढून बसल्या.

हारुन मेकॅनिकचं गॅरेज उरण फाट्याजवळ आहे. माणूस उरणचाच, बोलायला मऊ, कामाला पक्का. त्याने कपडा खांद्यावर टाकला आणि विचारलं, "दादा, आवाज कधी येतो? गाडी जागेवरून उचलताना की पळताना?"

"हो," गोटीराम म्हणाले.

"उचलताना?"

"हो हो."

"ब्रेक मारल्यावर पण?"

"हो."

हारुन थोडा गोंधळला, पण खाली शिरला. इंजिनाचं बळ मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब दांडा माझ्या पोटाखालून जातो. त्याच्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा एक भाग असतो, त्याला क्रॉस म्हणतात. हारुनने तो दांडा दोन्ही हातांनी हलवला, तर सांधा खिळखिळा. "हा बघा तुमचा ठक," तो म्हणाला, आणि तासाभरात त्याने नवा क्रॉस बसवला.

गोटीराम मला रस्त्यावर एक चक्कर मारून आले. "एकदम ओके. आवाज गेला."

हारुन रस्त्याच्या कडेला उभा होता. मी पुढ्यातून जाताना त्याने सगळं ऐकलं होतं. "दादा, ठक गेला. पण घरघर तशीच आहे."

"गेला म्हणतो ना," गोटीराम जरा जोरातच म्हणाले.

गोजराबाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि त्या केबिनमध्ये त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. खिडकीबाहेर बघत, नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "तुमच्या शर्टावर पाल चढली हाय."

गोटीराम समोर बघत राहिले.

मग गोजराबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. गोटीराम वळले. त्यांच्या तोंडाकडे बघून गोजराबाईंनी सावकाश विचारलं, "कदीपासून?"

मग गोटीराम म्हणाले, "दोन वर्षं झाली. डाव्या कानाचा तर कारभारच बंद आहे. ड्रायव्हरला ऐकू येत नाही म्हटल्यावर माल कोण देईल? गाडी सोडून मी करू काय?"

"गाडीचं नंतर बगू," गोजराबाई म्हणाल्या. "पन मला तरी सांगायचं व्हतं. मी हाक मारली तरी तुमी बगायचे नाय. दोन वर्षं मला वाटत व्हतं, तुमी माज्यावर रुसलाय."

गोटीरामना हे कधी सुचलंच नव्हतं. त्यांनी चावी काढली, खाली उतरले आणि ती हारुनच्या हातात दिली. "मला ऐकू येत नाही, हारुन. मघाशी मी सगळं अंदाजाने सांगितलं. तू चालव."

हारुन स्टिअरिंगवर बसला. "मग तिघं मिळून शोधू. वहिनी, तुम्ही मागे कान ठेवा. दादा, तुम्ही चपला काढून पाय खाली टेकवा. तुमच्या पायांना ही गाडी माझ्यापेक्षा जास्त कळते."

गॅरेजमागे मोकळा प्लॉट होता. हारुनने मला तिथे आधी डावीकडे गोल फिरवलं, मग उजवीकडे.

"आता वाडला," गोजराबाई म्हणाल्या. "उजवीकडं वळलं का वाडतो, डावीकडं कमी व्हतो."

"मागून, डाव्या बाजूने थरथर येते," गोटीराम म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. "आधी नव्हती अशी."

हारुन हसला. "जमलं. गाडी उजवीकडे वळली की वजन डाव्या चाकावर जातं. दुखणं तिथेच आहे."

त्याने आधी मला रस्त्यावर थोडं पळवून आणलं. गोटीराम उतरून माझ्या मागच्या चाकांपाशी गेले. उजव्या चाकाच्या मधोमध त्यांनी हात नेला, कोमट. डाव्याजवळ नेला आणि झटकन मागे घेतला. मग जॅक लावून हारुनने ते चाक वर उचललं. ब्रेक घासत नव्हता, चाक मोकळं फिरत होतं. पण वरून-खालून धरून हलवलं तर दुधाच्या दातासारखं डगडग हललं. चाक उघडलं तेव्हा आतलं ग्रीस पाण्याने फेसाळून चहाच्या रंगाचं झालेलं, आणि बेअरिंगच्या रुळांना गंजाने खड्डे पडलेले.

"घाटात चाक निघून गेलं असतं, दादा," हारुन हळूच म्हणाला. मग आठवण होऊन तेच त्याने गोटीरामच्या समोर येऊन पुन्हा सांगितलं.

गोटीराम ते बेअरिंग हातात घेऊन बसून राहिले. मग त्यांनी स्वतःच जुन्नरच्या शेतकऱ्याचा नंबर काढून फोन हारुनला दिला. "सांग त्याला, सोमवारी दुसरी गाडी बघ. माझी गाडी आणि मी, दोघं दवाखान्यात आहोत."

मला नवं बेअरिंग मिळालं, नवं सील, नवं ग्रीस. हारुनने उजवं चाकही उघडून साफ केलं, न सांगता. गोटीरामना गोजराबाई वाशीला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. कानामागे बसणारं छोटं मशीन मिळालं. नीट तपासणी होऊन डॉक्टरांनी लेखी होकार देईपर्यंत दीड महिना त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. तोवर ते रोज सकाळी येऊन मला पुसत मात्र होते.

मशीन लावून पहिल्यांदा हारुनकडे आले तेव्हा ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अरे, इथे कोण एवढं ओरडतंय?"

"तुम्हीच, दादा," हारुन म्हणाला. "दोन वर्षं झाली."

गोजराबाई इतक्या हसल्या की त्यांना माझ्या मडगार्डला धरून उभं राहावं लागलं.

आता आम्ही पुन्हा धावतो. म्हातारे ट्रक उपदेश फार करतात, म्हणून मी थोडंच सांगतो. मित्रांनो, गाडी वाजू लागली तर रेडिओ मोठा करू नका. आवाज कधी येतो, कुठून येतो, ते शोधा आणि वेळेवर उघडून बघा. आम्ही गाड्या निदान वाजून तरी दाखवतो. माणसं गप्प राहतात. तुमच्या घरी कुणी हल्ली प्रत्येक गोष्टीला नुसतंच 'हो हो' म्हणत असेल, तर त्यांच्यावर रागावू नका. जवळ जा, समोर बसा आणि हळूच विचारा.